आवाज तेवढा काढा

लग्नाची कॅसेट गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्सा मात्र दुकानातच राहतो. वसई रोडला, स्टेशनपासून सात मिनिटांच्या अंतरावर, आमचं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान होतं. तिथे मी बारा-पंधरा वर्षं लोकांची लग्नं कापली आणि जोडली. व्हीसीआर नवलाईचा होता तेव्हापासून ते सीडी येऊन तो माळ्यावर जाईपर्यंत. एवढ्या वर्षांत किस्से किती साठले असतील, याचा अंदाज करा.

कुठे चार जण जमले की कोणीतरी म्हणतंच, "तुझं बरं होतं बाई, एसीत बसून लग्नं बघायची." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. लग्न बघायचं नसतं हो! लग्न झाल्यावर त्यात कोणाला काय खटकलं, ते ऐकून घ्यायचं असतं. त्याला करेक्शन म्हणतात. आत्याचं जेवतानाचं तोंड काढा, मेव्हण्याचा नाच काढा, चर्चमधलं लग्न असेल तर फादरचं प्रवचन अर्धं करा, पण फादरना कळू देऊ नका.

दुकान इनासचं. कॅमेरा तो चालवायचा, मशीनवर मी. इनास माणूस लाखातला, पण त्याला एक खोड. गिऱ्हाइकाने काहीही मागितलं की हा म्हणणार, "होऊन जाईल." लग्नाला न आलेला मामा दाखवायचाय? होऊन जाईल. भर पावसातल्या लग्नात ऊन पाडायचंय? होऊन जाईल! एवढं बोलून हा स्कूटरला किक मारून पुढच्या लग्नाला, आणि निस्तरायला मी. हे दोन शब्द माझ्या तोंडून जन्मात निघणार नाहीत, अशी मी शपथच घेतली होती.

*

उमेळ्याचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची करेक्शन्स घेऊन आले. मी मशीनवर, हेडफोन कानाला, समोर त्यांच्याच मुलीचे सप्तपदीचे फेरे चाललेले. त्यांनी दुकानभर नजर फिरवली आणि मला विचारलं, "एडिटर कुठे आहेत?"

मी म्हटलं, मीच. ते हसले. मला वाटलं पटलं. तर नाही! कोपऱ्यात स्टुलावर चढून एक माणूस पंखा दुरुस्त करत होता, त्याच्याकडे ते गेले आणि खाली उभं राहून अर्धा तास त्याला करेक्शन्स सांगत बसले. वरातीत बँड जास्त घ्या, व्याह्यांचं भाषण कमी करा, विहीणबाईंना बाजूने दाखवू नका. तो बिचारा तोंडात स्क्रू धरून सगळ्याला मान हलवत होता.

शेवटी गृहस्थांनी विचारलं, "मग जमेल ना?"

त्याने तोंडातला स्क्रू काढला आणि म्हणाला, "होऊन जाईल."

*

नालासोपाऱ्याचे एक निवृत्त मास्तर होते. मुलाच्या लग्नाची पहिली कॉपी त्यांनी घरी नेऊन बघितली आणि फुलस्केप कागदावर, समास सोडून, एकवीस करेक्शन्स लिहून आणली. नऊ दहा, मावशींचा पदर, काढणे. नऊ पंचवीस, भटजी जांभई देतात, काढणे.

मला मास्तरांबद्दल आदरच वाटला. वेळ टाकून देणारा पहिला माणूस! नऊ मिनिटं दहा सेकंदांवर कॅसेट नेली, तर तिथे नुसती पुऱ्यांची परात. नऊ पंचवीसलाही परातच. भटजींचा पत्ता नाही. मी कॅसेट पुढे पळवून पाहिली, मागे पळवून पाहिली, मग मास्तरांनाच फोन लावला.

"अहो, आम्ही आठला बघायला बसलो," मास्तर म्हणाले. "भिंतीवरचं घड्याळ बघून लिहिलंय."

म्हणजे आठ वाजल्यापासूनचा हिशेब. मी कपाळाला हात लावला आणि कागदावर वजाबाकी करायला घेतली. फोन ठेवता ठेवता मास्तर म्हणाले, "मधे चाळीस मिनिटं लाइट गेली होती. तेवढी सोडून धरा."

*

त्यावर मी उपाय शोधला. पहिल्या कॉपीवर कोपऱ्यात मिनिटं आणि सेकंद पळताना दिसतील अशी सोय केली. गिऱ्हाइकाने आकडा बघायचा, लिहायचा, विषय संपला. शेवटच्या कॅसेटमधून आकडे अर्थात काढून टाकायचे. माझ्या हुशारीवर मी आठवडाभर खूश होते.

मग एक बाई तावातावाने आल्या. शेवटची कॅसेट त्यांनी काउंटरवर आपटली. म्हणाल्या, आधी दाखवलीत त्यात घड्याळ होतं, घरी दिलीत त्यात नाही, आम्हाला काय साधं गिऱ्हाईक समजलात? मी समजावलं की ते आकडे फक्त आमच्या कामासाठी असतात. त्यांना ते मुळीच पटलं नाही. नणंदेने घड्याळवाली कॉपी पाहिली होती आणि फार कौतुक केलं होतं म्हणे.

घातलं घड्याळ. पुढच्या महिन्यात त्यांच्याच बिल्डिंगमधली तीन लग्नं आमच्याकडे आली आणि तिघांनीही आल्या आल्या हेच सांगितलं, "आम्हाला घड्याळवाली."

*

या पुढच्या किश्शाचा राग माझा अजून गेलेला नाही. मुलाची आई माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि पडद्यावरच्या सुनेकडे बोट दाखवून म्हणाली, "हिला थोडी उजळ करा." छान तुकतुकीत सावळी मुलगी, हसरी. मी म्हटलं, असं काही होत नाही. तेवढ्यात दारातून इनास म्हणाला, "होऊन जाईल."

फिरवलं बटण. मुलगी उजळ झाली, तिच्याबरोबर मांडव उजळला, भटजी उजळले, पिवळा शालू पांढरा पडला. बाई म्हणे, शालू पहिल्यासारखा राहू दे, फक्त तोंड करा. मी म्हटलं, मशीनला तोंड आणि शालू वेगळे कळत नाहीत. मग राहू दे शालू पांढरा, म्हणाली. लग्नातल्या नवरीचा शालू!

चार दिवसांनी एक कॉपी माहेरी गेली. दुसऱ्याच दिवशी मुलीचे वडील ती परत घेऊन आले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "ताई, चुकून दुसऱ्या कोणाची तरी दिलीत."

*

आता थोडं मशीनचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या मशीनवर कॅसेटमध्ये आवाज दोन जागी उतरायचा. एक कॅसेटच्या कडेला, तो पुसून त्यावर गाणं भरता यायचं. दुसरा चित्राच्या आतच, तो पुसायचा तर चित्रही नव्याने करावं लागायचं. घरोघरच्या साध्या व्हीसीआरला फक्त कडेचा आवाज ऐकू यायचा. आतला आवाज फक्त भारी, स्टिरिओ मशीनला ऐकू येतो. तशी मशीनं वसईत तेव्हा होती किती!

एक होतं. कामणच्या रस्त्याला गोडाऊन असलेल्या एका शेठकडे. त्यांच्या मुलाच्या लग्नात नवरदेव जेवायला बसला आणि कॅमेऱ्यामागून इनास आपल्या असिस्टंटला म्हणाला, "खातोय बघ, चार दिवस डांबून ठेवल्यासारखा." हे कॅसेटमध्ये आलं. मी त्यावर कडेने छान गाणं भरलं, दुकानातल्या साध्या व्हीसीआरवर तपासलं, आणि दिली कॅसेट.

शेठनी पाहुणे बोलावले, दोन कपाटांएवढे स्पीकर लावले. गाणं वाजलंच नाही. नवरदेवाने पहिला घास घेतला आणि सगळ्या हॉलभर इनास बोलला.

त्यानंतर दुकानाचा नियमच झाला. आवाज काढायचा म्हटला की कॅसेट पहिल्यापासून नवी करायची. इनास वर्षभर कामणच्या रस्त्याला फिरकला नाही.

*

तळवडेकरसाहेब मुंबईच्या एका ऑफिसातून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झालेले. वसईला फ्लॅट, कडक इस्त्री, बोलणं मोजकं. धाकट्या मुलाच्या लग्नाची करेक्शन्स द्यायला ते सहकुटुंब आले. साहेब पुढे, बाई, थोरला मुलगा, आणि सगळ्यांच्या मागे दाराजवळच्या खुर्चीत नवी सून, सुगंधा.

सुगंधाचं माहेर खाडीकडच्या गावातलं. आईने जन्मभर मिठागरावर काम केलेलं आणि एकटीने मुलगी शिकवलेली. कॅसेटमध्ये त्या आई सगळीकडे होत्या. हळदीला खड्या आवाजात धवल्यांची गाणी म्हणत होत्या, आल्यागेल्याला हाका मारत होत्या. पाठवणीला तर गाडीच्या खिडकीतून विहिरीच्या पाण्याचा तांब्या आत सरकवून मुलीला म्हणाल्या, "बाय, घोटभर पानी पी. आपले बावीचं हाय. तिकडं नलाचं पानी, तुला गोड लागाचं नाय." मुलगी पाणी पीत होती, रडत होती, आणि त्या तिच्या हनुवटीवर ओघळलेलं पाणी पदराने टिपत होत्या. इतकी लग्नं पाहून माझं मन निबर झालेलं, पण तिथे मीही मशीन थांबवून उठून गेले होते.

साहेबांनी ते पूर्ण पाहिलं आणि म्हणाले, "चित्र राहू द्या. यांचा आवाज तेवढा काढा. हळदीपासून शेवटपर्यंत. वर सनई घाला."

मी विचारलं, का? ते म्हणाले, "आमच्याकडे चार माणसं बघायला येतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मागे सुगंधाकडे पाहिलं. साहेबांनीही वळून विचारलं, तुझं काही आहे का? तिने नाही म्हणून मान हलवली आणि मांडीवरच्या पर्सचा पट्टा गुंडाळत राहिली. इनास नेमका तेव्हा दुकानात होता, आणि त्याने ते म्हटलंच.

ते गेल्यावर मी इनासला वाट्टेल ते बोलले. मग कॅसेट मशीनमध्ये घातली. नियमाप्रमाणे ती पहिल्यापासून नवी करायला हवी होती. मी फक्त कडेने सनई भरली. इनास पाठीमागे उभा राहून बघत होता. त्याने एकदा खाकरल्यासारखं केलं आणि स्कूटरची किल्ली उचलली.

तीन वर्षं काहीही झालं नाही. मग साहेबांचा थोरला मुलगा मस्कतला गेला आणि पहिल्या सुट्टीत मोठं स्टिरिओ मशीन घेऊन आला. साहेबांनी पाहुणे बोलावले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन. मी घातलेली सनई कुठे गेली, असं त्यांनी मला तीन वेळा विचारलं. तुमच्या दुकानाबद्दल सगळ्या कॉलनीला सांगेन म्हणाले, आणि कॅसेट लगेच पाठवतो, आजच्या आज दुरुस्त करा म्हणाले.

मी भांडायच्या तयारीने बसले. चूक माझीच होती, म्हणून तयारी जास्त होती.

कॅसेट घेऊन सुगंधा आली, एकटीच. तिने ती काउंटरवर ठेवली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बाबांनी सनई परत घालायला सांगितलंय." मी आईची चौकशी केली. तिने सांगितलं, आई जाऊन आठ महिने झाले. काल हॉलमध्ये पंधरा माणसं होती, ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती, आणि बाहेरून आईने तिला पाणी प्यायला बोलावलं.

"ताई," ती म्हणाली, "तो आवाज थोडा वाढवता येईल का?"

"होऊन जाईल," मी म्हटलं.