दोन खुर्च्या

टूरवाल्याने समोर ठेवलेल्या चित्रात इटलीचा किनारा होता. निळं पाणी आणि पाण्याकडे तोंड केलेल्या दोन रिकाम्या खुर्च्या. मुली सासरी गेल्या, आता पहिल्यांदाच आठवडाभर आम्ही दोघंच. मी त्या खुर्च्यांवरून बोट फिरवत होते, तेवढ्यात ह्यांनी मोठ्या दिरांना फोन लावला. "दादा, तू आणि वहिनी पण चला की! आम्ही दोघंच तिथे काय करणार?"

तीस वर्षं आम्ही माणसांच्या आडूनच बोललो. मुलींना "आईला विचार", "बाबांना सांग" म्हणत. घर रिकामं झालं, तर ह्यांनी समुद्रापर्यंत न्यायला नवा आडोसा शोधला.

"मग चौघं ना?" टूरवाल्याने विचारलं.

"हो," मीच म्हणाले. "खेळायला पत्ते तेवढे आठवणीने घेऊ."