मामांची खोटी उत्तरं

लाँड्रीत जन्मभर इस्त्री करून मामांचा उजवा खांदा खाली आला होता, संशय मात्र अजून ताठ. ओळखीपाळखीतले सगळेच त्यांना मामा म्हणत. परमुलखात आले तेव्हा त्यांच्याजवळ धड कागदपत्रं नव्हती. तेव्हापासून एक गोष्ट अंगात मुरली, की हातात पेन घेतलेल्या माणसाला खरं सांगायचं नाही. खरं बोलायचं ते देवापुढे, तेही मनातल्या मनात. पुढे कागद झाले, केस पिकले, मामी देवाघरी गेल्या, पण सवय काही सुटली नाही.

बरोबर आलेली सगळी मंडळी आता म्हातारी झाली होती. त्यातल्या बटणं लावणाऱ्या मित्राकडे एक गोड बोलणारी बाई कागद-पेन घेऊन येऊन गेली आणि महिन्याच्या आत त्याची रवानगी वृद्धाश्रमात झाली. त्यामुळे मंगळवारी सकाळी दारात पेनवाली मुलगी उभी राहून चक्क आपल्या भाषेत "नमस्कार मामा" म्हणाली, तेव्हा मामांच्या मनात पाल चुकचुकली. आपली भाषा येते म्हणजे मुद्दाम हुडकून पाठवलेली दिसते!

"आज वार कोणता, मामा?"

"का, तुझ्याकडे कॅलेंडर नाही?"

"सांगा ना."

"शुक्रवार." मामांनी खुशाल ठोकून दिलं.

"मुलं किती तुम्हाला?"

"मूलबाळ नाही."

आत चहा गाळत असलेली त्यांची लेक गाळणीसकट बाहेर आली. "मग मी कोण हो, बाबा?"

"ही शेजारीण. साखर मागायला आली असेल."

पेनवाली मुलगी लिहीत राहिली. लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. तिने बापाला कोपऱ्यात ओढलं. "अहो, मीच बोलावलंय तिला, सरकारी कचेरीतून! डोकं ठिकाणावर असेल तर घरी मदतनीस देतात, नाहीतर थेट वृद्धाश्रम. राहायचंय ना या खोलीत?"

मामा खाटेवर येऊन बसले. मग म्हणाले, "लिही पोरी. आज मंगळवार. लेक एकच, ही."

आता संशय घ्यायची पाळी पेनवालीची होती. "ताईंनी कोपऱ्यात नेऊन पढवलं नाही कशावरून?"

मामांनी देवाच्या तसबिरीकडे पाहिलं. जे फक्त तिथेच बोलले होते, ते आज ओठांवर आलं.

"पेन दिसलं की माझ्या तोंडून अजून खोटंच निघतं. ही तान्ही असताना लाँड्रीच्या तळघरात लपून राहायचो आम्ही. तपासणीवाले आले की हिला मळक्या चादरींच्या टोपलीत निजवायचो. ही खोकली, की आवाज झाकायला आम्ही सगळेच्या सगळे खोकायचो. वाटायचं, म्हणतील अख्ख्या लाँड्रीला दमा झालाय! हे हिलाही ठाऊक नाही. ती काय पढवणार?"

लेकीच्या हातातल्या गाळणीतून चहा फरशीवर ठिबकत होता.

पेनवालीने हळूच विचारलं, "हे लिहू, मामा?"

मामांनी लेकीच्या हातातली गाळणी काढून घेतली.

"लिही. आणि काय लिहितेस ते मोठ्याने वाचून दाखव. माझा तुझ्यावर काडीचा विश्वास नाही."