रिकाम्या बाटलीतलं भूत

मेहकरच्या आमच्या प्रयोगशाळेत सोयाबीन तेल तपासतात. तेलाच्या वाफेत जेवढे घटक असतील, तेवढी शिखरं गॅस क्रोमॅटोग्राफ कागदावर काढतो. पण आठवडाभर रिकाम्या बाटलीतूनही एक शिखर उगवत होतं. सगळे अहवाल अडकले आणि मशीनला शिव्या घालून मी थकले, तेव्हा कंपनीने मेकॅनिक पाठवला.

एसटीने आलेला पन्नाशीचा माणूस. देवळात शिरावं तसे त्याने बूट दाराशी काढले आणि मशीनला हातही न लावता विचारलं, "भूत सकायी येते का दुपारी, मॅडम?"

"दुपारीच."

त्याने स्वतः एक रिकामी बाटली बंद करून मशीनला लावली. कागदावर सरळ रेघ आली. मग दुसरी मला बंद करायला सांगितली. भूत हजर!

तो माझ्या बोटांकडे बघत राहिला. "डब्यात काय आनलं होतं?"

"संत्रं. संग्रामपूरहून आई पाठवते."

तो खदखदून हसला. "भूत मशीनमंधी नाही हो. ते जेवून येऊन राह्यलं!"

सालीचा तुकडा बाटलीत टाकून त्याने मशीन चालवलं. त्याच जागी, कागदाबाहेर जाईल एवढं शिखर! खाली त्याने पेनाने लिहिलं, 'संग्रामपूर. मशीन ठीक.' आणि दोन संत्री खिशात टाकून निघाला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

आता मी जेवल्यावर साबणाने हात धुते. रिकामी बाटली रोज कोरी निघते, आणि रोज मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.