तिसऱ्या पोत्यातली साल

ईरा, निहार — हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. तुमच्या आजोबांना सांगता आले असते, ते तेव्हा होते. शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असायचे. तुमच्या आईला फोनवर दोनदा सांगायला गेले आणि दोन्ही वेळा तिकडे थंडी किती आहे ते विचारून फोन ठेवला.

गेल्या रविवारी, ईरा, तू सहज विचारलेस की मुग्धामावशीने तिची प्रयोगशाळा का बंद केली. मी म्हणाले, तिची पद्धत चालली नाही गं. किती पटकन म्हणाले! हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितले आहे की आता ते जिभेला टोचतसुद्धा नाही. पण तू पुढे म्हणालीस, "म्हणजे ती तेवढी हुशार नव्हती का?" — आणि मी विषय बदलला. त्या विषय बदलण्यामुळे मी आज लिहायला बसले आहे.

मुग्धा तुम्हाला आठवते ती शाई वेगळी करून दाखवणारी. तुम्ही सुट्टीत इथे माझ्याकडे तुंगार्लीला आला होतात तेव्हा गाळणकागदाच्या पट्टीवर काळ्या स्केचपेनचा ठिपका काढून तिने तुम्हाला त्यातले निळे, जांभळे, पिवळे रंग एकावर एक चढताना दाखवले होते. निहार, तू त्या पट्ट्या बॅगेत घालून नेल्यास. ती माझी कॉलेजातली विद्यार्थिनी. पुण्यातली औषध कंपनीतली नोकरी सोडून तिने कुसगावला दोन खोल्या घेतल्या आणि स्वतःचा छोटा उद्योग काढला. वनस्पतींमधून औषधी द्रव्ये वेगळी काढायची, पण त्यासाठी जे घातक द्रावक वापरतात ते टाळून — अशी पद्धत तिला बसवायची होती. सुरुवात तिने पांढऱ्या कुड्यापासून केली. कुडा आपल्या मावळात डोंगरउतारावर कुठेही दिसतो. पोट बिघडले की त्याची साल उगाळून देतात, हे इथे कुणालाही विचारा.

छोट्या उद्योगांना संशोधनासाठी सरकारी अनुदान मिळते, त्यासाठी तिने अर्ज केला. अर्जाचे इंग्रजी माझे होते. नमुन्यांची नोंदवही, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, तारखा — सगळे माझ्याकडे. निवृत्त झाल्यावर इतके महत्त्वाचे काम कुणी आपल्याकडे सोपवावे, याचा मला किती आनंद झाला होता! अनुदानाचा पहिला टप्पा मिळाला. दुसरा टप्पा हवा असेल तर एक अट होती: तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून साल आणायची आणि तिन्ही वेळा पद्धत तशीच चालून दाखवायची. प्रत्येक खेपेला झाड कोणी पाहिले आणि कोणी ओळखले, त्याची सही नोंदवहीत. ती सही माझी असायची.

सही का लागते, हे नीट सांगते. कुडा दोन प्रकारचा. पांढरा आणि काळा. साल वाळली की दोन्ही सारख्याच दिसतात, आणि बाजारात दोन्ही एकत्र विकली जातात. औषधी द्रव्य असते ते पांढऱ्यात. म्हणून झाड उभे असताना बघायचे.

साल आणून देणाऱ्या मळवलीच्या हौसाबाई. पहिल्या दोन्ही वेळी मी त्यांच्याबरोबर गेले. त्या पुढे भराभर चढायच्या आणि वर थांबून माझी थट्टा करायच्या. "बाई, तुमी चष्मा लावून बी झाडाकडं लांबनंच बघता. ते काय चावतंय व्हय?" मग मी जवळ जायचे, फांदी ओढून पाहायचे, वहीत लिहायचे. दोन्ही पोत्यांवर मुग्धाची पद्धत सुरेख चालली. काचेच्या पट्टीवर फवारा मारला की औषधी द्रव्याचा नारिंगी ठिपका उमटायचा — जिथे हवा तिथे, एकटा, स्वच्छ. ती मला हाक मारून दाखवायची.

तिसऱ्या खेपेला मी गेले नाही.

गुडघा दुखत होता, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आले. गुडघा दुखत नव्हता. शनिवार होता, हायवेपासून मळवलीपर्यंत सहलीवाल्यांच्या गाड्यांची रांग असणार म्हणून कंटाळा केला — हेही पूर्ण खरे नाही. खरे असे की मी घरी बसून अहवालाच्या मसुद्यातले स्वल्पविराम नीट करत होते, आणि ते मला डोंगर चढण्यापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटले. संध्याकाळी हौसाबाई पोते घेऊन थेट आमच्या बंगल्यावर आल्या. पोते पायरीवर टेकवून म्हणाल्या, "बाई, ही मी न्हाई काढली. माजा भाचा गेलता पल्याडच्या अंगाला. त्याला काय समजतंय? एकदा जाऊन बघून घ्या."

मी म्हटले, बघते. आणि नोंदवही उघडून लिहिले: झाड स्वतः पाहून ओळखले. खाली सही.

एकतीस वर्षे मी मुलांना प्रयोगवहीत न पाहिलेले निरीक्षण लिहू दिले नाही. एका मुलाला त्यासाठी वर्गाबाहेर उभे केले होते, तो रडला होता. मग माझा हात का अडखळला नाही? मला माहीत नाही. अडखळला असता तर मी इथे लिहिले असते.

पद्धत तिसऱ्या पोत्यावर चालली नाही. द्रवाचे दोन थर वेगळे व्हायला हवेत, ते होईनात. सगळे मिळून दुधासारखे गढूळ. पट्टीवर ठिपका फिकट, पसरलेला. मुग्धाने चार वेळा केले, सहा वेळा केले. जेवणाचा डबा तसाच परत न्यायची. एक दिवस ती म्हणाली, "सालीतच काही असेल का हो, बाई?" आणि मी काही बोलायच्या आतच स्वतःच उत्तर दिले, "नाही, तुम्ही पाहिलंय झाड. म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय."

तेव्हा सांगता आले असते ना? त्या क्षणी, फार तर मान खाली घालून, एक वाक्य. माझ्या मनात शंका आलेली होती. मी म्हणाले, तापमान तपासून पाहा.

अनुदान समितीची माणसे पाहायला आली. त्यांच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी नेमके हेच विचारले, की सालीत भेसळ नसेल ना? मी वही त्यांच्यापुढे ठेवली. "मी स्वतः उभी होते," म्हणाले. ते माझे अक्षर बघून म्हणाले की अशी वही हल्ली पाहायला मिळत नाही. मुग्धा माझ्याकडे बघून हसली — अभिमानाने. समितीने पंधरा दिवसांत लेखी खुलासा मागितला: तिसऱ्या नमुन्यात पद्धत का चालली नाही?

त्या पंधरा दिवसांतल्या चौथ्या दिवशी मी हौसाबाईंना घेऊन डोंगराच्या पलीकडच्या अंगाला गेले. कोणालाही न सांगता. शेंगा लागल्या होत्या. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा जोडीने लोंबतात, पण सुट्या. काळ्याच्या जोडीची टोके एकमेकांना चिकटलेली असतात. साल सोलल्याच्या खुणा असलेली पाच झाडे होती. हौसाबाईंनी एक फांदी वाकवून माझ्या हातात दिली. दोन पांढरी, तीन काळी.

"मी म्हनलं व्हतं, बघून घ्या," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मग म्हणाल्या, "आता त्या पोरीला सांगाल न्हवं?"

मी म्हटले, हो.

घरी येऊन पत्र लिहायला बसले. चांगले पत्र होते ते. नोंद चुकीची आहे, चूक माझी आहे, नमुना रद्द धरावा, पद्धत नव्या नमुन्यावर पुन्हा तपासावी. ते दोन दिवस टेबलावर होते. तिसऱ्या दिवशी मी ते फाडले. वहीवर खोटी सही करणाऱ्या बाई म्हणून मुग्धा माझ्याकडे कशी बघेल, तेवढेच मला दिसत होते. तिचे काय होईल हे दिसत नव्हते का? दिसत होते. दोन्ही समोर होते आणि मी त्यातले एक निवडले. तुम्हाला दुसरे काही सांगता आले असते तर बरे झाले असते.

पण मुलांनो, हेही शेवटचे नाही. इथवरचे मी कदाचित कधीतरी तोंडाने बोलू शकले असते. पुढचे बोलवत नाही, म्हणून तर लिहिते आहे.

मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी मुग्धा खुलाशाचा मसुदा घेऊन माझ्याकडे आली. "बाई, इंग्रजी तेवढं बघून द्या." एक पानभर होते. तिसऱ्या परिच्छेदात तिने लिहिले होते की माझ्या पद्धतीत कदाचित मूलभूत दोष असावा. मी लाल पेन घेतले. एक क्रियापद बदलले, एक लांब वाक्य तोडले. आणि 'कदाचित'वर रेघ मारली. तिने विचारले, हे का काढलं? मी म्हणाले, समितीला ठाम विधान आवडते, मोघम लिहिलेले त्यांना टाळाटाळ वाटते.

हे मी तिला सांगितले. मी. झाडे पाहून आलेली.

तो 'कदाचित' राहू दिला असता तर समितीने पुन्हा संधी दिली असती का? कोणास ठाऊक. पण तो तिचा शब्द होता. तिच्या मनात तेवढी जागा शिल्लक होती, की आपण बरोबर असूही शकतो. ती जागा मी स्वतःच्या हाताने बुजवली, कारण ती उघडी राहिली असती तर कोणीतरी पुन्हा सालीबद्दल विचारले असते.

तिने मान डोलावली. म्हणाली, "खरंच आहे. उगाच स्वतःला फसवण्यात काय अर्थ?" मी चहा टाकला. आम्ही दोघींनी प्यायला. जाताना तिने वाकून नमस्कार केला.

दुसरा टप्पा मिळाला नाही. दोन खोल्या तिने सोडल्या. काचेची भांडी एका शाळेला दिली, मला वाटते एका दिवसात; मी मदतीला गेले नाही. आता ती एका हॉटेलात व्यवस्थापक आहे आणि ते काम नीट करते. कधी विषय निघाला तर हसून म्हणते, "माझ्या हाताला केमिस्ट्री नाही, बाई. असते एखाद्याला, नसते एखाद्याला." हौसाबाईंनी बाजारात एकदा विचारले, मग झालं का पोरीचं काम? मी म्हटले, झालं. आता त्यांनी विचारणे सोडले आहे. भेटतात, पालेभाजीची जुडी दाखवतात, भाव सांगतात.

गेल्या वर्षी एका शास्त्रीय नियतकालिकात मी कुठल्या तरी दुसऱ्या माणसांचे काम वाचले. कुड्याचीच साल, जवळपास तेच द्रावक, तेच थर. चालते, असे त्यात दिले होते. ते पान मी तिला दाखवले नाही.

ईरा, ती हुशार नव्हती का, असे तू विचारले होतेस. मी शिकवलेल्या सगळ्या मुलांत ती सर्वांत हुशार होती. तिची पद्धत बरोबर होती. हे तिला आजही माहीत नाही. ती दर दिवाळीला माझ्याकडे फराळ घेऊन येते, आणि मी दार उघडते.