रंगाऱ्याची विजार

आगरदांड्याला दिघीची बोट चुकली, म्हणून मी जेटीवरच चित्रकलेचं दुकान मांडलं. जलरंगांची पेटी, तीन तऱ्हेच्या पेन्सिली, खारीच्या केसांचा महागडा ब्रश, आणि कपड्यांना डाग नकोत म्हणून वरून एप्रन. शेजारी ओढून ठेवलेल्या होडीवर एक म्हातारा रंगारी तिचं नाव रंगवत होता. त्याच्याकडे ऑइलपेंटचे दोन डबे, रॉकेलची बाटली आणि झिजून बोटभर उरलेला ब्रश. रंग बदलायचा झाला, की तो ब्रश रॉकेलमध्ये बुचकळायचा आणि खुशाल स्वतःच्या विजारीला पुसायचा.

"काका, फडकं देऊ का?"

"कशाला? फडकं हरवतं." मग मांडी पुढे करून तो डाग दाखवू लागला. "ह्यो हिरवा मेव्हण्याच्या होडीचा. ह्यो पिवला जावयाच्या होडीचा. लई आलशी होडी, जावयावानीच!"

गुडघ्यावर एक लाल डाग होता. "आणि हा?"

"ती वादलात गेली. मानसं पवत आली, होडी न्हाय आली." त्यानं गुडघ्यावर हलकेच थाप मारली. "आता हितंच हाय."

पुढची बोट लागली. मी अर्धं चित्र आणि कोरा करकरीत एप्रन गुंडाळून निघालो.

परवा घरी ते चित्र पुरं करताना बाहीला निळा रंग लागला. बायको लगेच साबण घेऊन आली. म्हटलं, "राहू दे गं. तो आगरदांड्याचा समुद्र आहे."