दत्ताभावजी शिडीवरून उतरले तेव्हा

"शिडीवरून पडून नाही गं, खुर्चीत बसून गेला! हातात चहाचा कप होता..." नलूचा फोन आला आणि हे तिचं पहिलं वाक्य. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे, पण खरं सांगते, मला आधी हसू फुटलं. मग तिलाही फुटलं. दोघी हसता हसता कधी रडायला लागलो ते कळलंच नाही. दत्ताभावजी म्हणजे नलूचे यजमान, माझ्या नवऱ्याचे, सुधीरचे, शिकागोतले पहिले मित्र, आणि आम्हा सगळ्या मराठी कंपूचे हक्काचे सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, काय म्हणाल ते! शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर, मूळचे नागपूरचे. ऑफिसात नसले की हा माणूस कुणाच्या तरी घरी शिडीवर. ऐंशी उलटली तरी शिडी सुटली नव्हती. "हा एक दिवस शिडीवरूनच परस्पर वर जाणार" असं नलू येता-जाता म्हणायची, आणि आम्ही सगळे माना डोलवायचो. तर त्यांनी आम्हा सगळ्यांना खोटं पाडलं. त्यांना जाऊन आता महिना होत आला.

त्यांच्याबद्दल लिही, असं सगळे म्हणताहेत. लिहायला बसले की मला एकच शनिवार आठवतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही शिकागोच्या उपनगरात पहिलंवहिलं घर घेतलं होतं, जुनं, पण आमचं! त्याच वर्षी आमची मुक्ता झाली. बाळंतपणाला कोल्हापूरहून आई आली आणि येताना सावंतवाडीचा लाखकाम केलेला पाळणा सुटा करून, लुगड्यांत गुंडाळून घेऊन आली. विमानतळावर त्या कस्टमवाल्याला तिने हातवारे करून पाळणा कसा हलतो ते दाखवलं होतं म्हणे! घरात शिरली, वर बघितलं आणि म्हणाली, "अगं, छताला साबुदाण्याची खिचडी फासलीय की काय?" अमेरिकेत पूर्वी अशी छतं करायची फॅशन होती. पांढरा, गुठळ्या-गुठळ्यांचा लेप मशीनने फवारायचा. त्याला म्हणतात पॉपकॉर्न सीलिंग. पण आईचा साबुदाणाच बरोबर होता. जरा झाडूचं टोक लागलं की दाणे खाली.

आता बारसं आलं. आईचं म्हणणं, पाळणा टांगलेलाच हवा, जमिनीवर ठेवला तर तो पाळणा कसला, खाटच की ती! टांगायचा तर छताला हुक हवा. हुक मारायचा तर तो साबुदाणा सगळा बाळाच्या अंगावर पडणार. मी रडकुंडीला आले. ओली बाळंतीण, रडायला काय लागतं? सुधीरने दत्ताभावजींना फोन केला, आणि अर्ध्या तासात ते ड्रिल घेऊन दारात. वर बघून त्यांचे डोळे असे चमकले! "काहून टेन्शन घेता वहिनी? नुसता हुक कायले? अख्खं छतच खरवडून टाकू. पोरीसाठी गुळगुळीत करून देतो! कॉन्ट्रॅक्टर कशाला, आपण इतके इंजिनिअर कशासाठी आहोत? शनिवारी श्रमदान!" उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग... पण त्या उत्साहाची लागण व्हायचीच. शाळेत सगळ्यांनीच श्रमदान केलेलं. बघता बघता फोन फिरले.

शनिवारी घरात लग्नघर! कुणी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून मिठाई आणलेली, कुणाचे बटाटेवडे, कुणाची दहीबुत्ती. बायका जुन्या साड्या खोचून तयार, पुरुषांनी नाकाला रुमाल बांधलेले, हातात कालथ्यासारखी खरवडायची पाती. हॉलमधलं सामान बाहेर गेलं. आईला मजा बघायची होती, म्हणून ती शेजारच्या खोलीत दार उघडं टाकून मुक्ताला मांडीवर घेऊन बसली. पहिला मान अर्थातच दत्ताभावजींचा. शिडीवर चढले, खाली वाकून सगळ्यांना नमस्कार केला आणि पहिला फटका मारला. खर्रर्र... पांढरा भुगा भुरभुरत खाली आला. पोरं टाळ्या पिटायला लागली, "इट्स स्नोइंग! इट्स स्नोइंग!" दुसऱ्या फटक्यासाठी हात उचलला, आणि तो हात तसाच वर राहिला. तळहातावर पडलेल्या भुग्याकडे ते बघत होते. म्हटलं, डोळ्यात काही गेलं की काय.

"थांबा," ते म्हणाले. "कुणी हात लावू नका." मग एकदम आवाज चढवून, "बाळ कुठाय? वहिनी, पोरगी कुठाय?" आणि झपाझप शिडीवरून खाली! काम अर्ध्यावर टाकून हा माणूस शिडी उतरतोय, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी आधी भिंतीवरचं बटण दाबून हीटिंगचा पंखा बंद केला, म्हणजे हवा घरभर फिरायला नको. मग आईला मुक्तासकट मागच्या दाराने बाहेर काढलं. कुणीतरी उत्साहाने व्हॅक्यूम घेऊन आलं, तर त्याच्यावर असे ओरडले, "नको! त्यानं सगळं हवेत उडेल!" तेव्हा कुठे आम्हाला कळलं की मामला गंभीर आहे. काही महिन्यांपूर्वी त्यांच्या कारखान्यात वाफेच्या पाइपांवरचं जुनं आवरण काढायला माणसं आली होती, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली. त्या आवरणात ॲस्बेस्टॉस होतं. डोळ्यांना न दिसणारे तंतू, श्वासातून छातीत गेले की तिथेच बसतात आणि त्रास द्यायचा तर कितीतरी वर्षांनी देतात. असल्या जुन्या छतांतही ते असू शकतं, असं त्यांनी तिथेच ऐकलं होतं. ऐकलं आणि विसरले होते. हातावरचा भुगा बघून आठवलं.

आता आमचे लोक ऐकतायत होय? विलास म्हणून एक मित्र होता, कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "अरे यार दत्ता, आपण सगळे सिमेंटच्या पत्र्याखाली शाळा शिकलो. त्यात हेच तर असतं. काय धाड भरली आपल्याला? हे अमेरिकन लोक कशालाही घाबरतात." दोघं-चौघं हसले. कुणीतरी म्हणालं, "दत्ता घाबरला!" ज्या माणसाने कुठलंही काम नाही म्हटलं नव्हतं, त्याला हे किती लागलं असेल... चेहरा लालबुंद झाला होता. पण म्हणाले काय, "हो, घाबरलो. तू पत्र्याखाली शिकलास, तुझी मर्जी. ही पोर महिन्याची नाही झाली, हिला कोणी विचारलं का? त्यात आहे की नाही, मला ठाऊक नाही. शंका आहे ना? मग पुरे झालं."  एकेक जण पाती खाली ठेवून मुकाट बाहेर पडला.

मग खाली पडलेला भुगा त्यांनी पाणी शिंपडून, ओल्या फडक्यांनी टिपून घेतला, फडकी पिशव्यांत बांधली, एक तुकडा तपासणीला पाठवायला वेगळा ठेवला, हॉलच्या दाराला चिकटपट्ट्या मारल्या. आणि आमचं श्रमदान? बाहेर गवतावर, शिकागोच्या वाऱ्यात कुडकुडत, जुन्या साड्यांत बटाटेवडे खात बसलेलं! समोरची गोरी आजी पडदा सारून सारून बघत होती. आईने तिलाही वडा नेऊन दिला.

त्याच संध्याकाळी दत्ताभावजी आम्हा सगळ्यांना आपल्या घरी घेऊन गेले. दोन खोल्यांच्या त्या घरात आम्ही चौघं, ते दोघं, आणि पाळणा. लॅबचं उत्तर यायला वेळ होता आणि बारसं तोंडावर. पाळण्याचं काय, म्हणून आई हिरमुसली होती. तर दुसऱ्या दिवशी गॅरेजमधून ठोकाठोक ऐकू यायला लागली. पाण्याच्या लोखंडी पाइपांची एक चौकट उभी केली त्यांनी, वर आडवा दांडा, त्याला पाळणा टांगलेला! आईने दोन्ही हातांनी हलवून, वाकून, निरखून बघितलं आणि म्हणाली, "दत्तोपंत, जिंकलंत!" बारसं झालं, आणि काय दणक्यात झालं! मुक्ताची आत्या बिचारी कोल्हापुरात, म्हणून नलू आत्या झाली. बाळाच्या कानात नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात ना, ते आमच्या बायकांनी असे घातले की नलू दोन दिवस पाठ चोळत होती. नलू आत्या, म्हणून दत्ताभावजी झाले आतोबा. मुक्ताही पुढे त्यांना आतोबाच म्हणायला लागली.

पुढच्या आठवड्यात लॅबचा फोन आला. होतं. छतात ॲस्बेस्टॉस होतं.  मला वाटलं, दत्ताभावजी आता म्हणणार, बघा, मी सांगत नव्हतो? पण ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी पाणी घेऊन गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी... पहिला फटका माझाच होता ना." मी म्हटलं, अहो, तुम्ही नसतात तर दिवसभर सगळ्यांनी मिळून खरवडलं असतं आणि पोर शेजारच्या खोलीत! डॉक्टरांनीही त्यांना दार बंद करून नीट समजावलं, की एवढ्या क्षणभराच्या धुळीने सहसा काही होत नाही. त्यांनी मान डोलावली. छत जाणत्या माणसांकडून आम्ही न खरवडता, नवा थर देऊन पक्कं बंद करून घेतलं आणि घरी परतलो. आमच्या लेखी गंगेत घोडं न्हालं.

त्यांच्या लेखी नाही. दर रविवारी त्यांचा फोन यायचा आणि मुक्ता बोलायला लागल्यापासून पहिला प्रश्न एकच, "घे बघू एक लांब श्वास!" पोरगी फोनमध्ये फूऽऽ करायची आणि ते कान देऊन ऐकायचे. साधी सर्दी झाली तरी गाडी काढून दारात हजर. शाळेच्या बँडमध्ये ती ट्रम्पेट वाजवायला लागली, तेव्हा तर विचारूच नका! प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत आतोबा. सुरातलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं. तिने लांबलचक सूर धरला की ते माझा हात दाबायचे, "काय दम आहे पोरीचा, वहिनी! काय छाती आहे!" डोळे भरलेले असायचे. कॉलेजला निघाली तेव्हा त्यांनी स्वतःच तिला सगळं सांगितलं. ती थक्क. "आतोबा, यू वरीड ऑल दीज इयर्स? आय ॲम फाइन!" म्हणत गळ्यात पडली. त्या दिवसापासून ती स्वतःच रविवारी फोन करायला लागली. हॅलो नाही की काही नाही, आधी एक मोठा श्वास. पलीकडून ते खदखदा हसायचे. नलू वैतागायची, "पुरे झालं रे आता! पोरगी चाळिशीला आली, अजून काय तिचा श्वास ऐकतोस?"

मला त्यांनी काय दिलं, ते मी त्यांना कधी नीट सांगितलं नाही. सांगायला गेलं की ते ड्रिल शोधायला पळायचे. आज सांगते. भावजी, तुम्ही उतरलात, म्हणून माझं घर हसतंखेळतं राहिलं.

मुक्ता कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून आली, दिवस झाले, परत गेली. गेल्या रविवारी मी नलूकडे बसले होते. चहा झाला होता, आणि फोन वाजला. नलूने सवयीने स्पीकर लावला. हॅलो नाही, काही नाही. नुसता एक लांब, खोल श्वास...  नलू पदराने डोळे पुसत फोनवर वाकून म्हणाली, "आणखी एकदा घे गं."