भरून परत आलेलं मशीन

झाड कापायचं मशीन आणलं तेव्हा आमच्या शिवारात ते माझ्या एकट्याकडंच होतं, आणि मी त्याचा तोरा मिरवत होतो. पेट्रोलमध्ये टू-टी तेल किती मिसळायचं, चेनच्या टाकीत वेगळं तेल कुठलं घालायचं, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचो. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस आणखी काय करणार?

त्या उन्हाळ्यात वादळी वाऱ्यानं दादांच्या गोठ्यावर लिंब पडला. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. बांधावरून वाजलं होतं, दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. तरी ते सकाळीच दारात आले आणि खाली बघत म्हणाले, "दोन दिस मशीन देतूस का? जनावरं उघड्यावर हायती." मी मशीन दिलं, सोबत तेल मिसळलेल्या पेट्रोलचा लहान कॅन दिला. खरं सांगतो, त्या दिवशी मला फार बरं वाटलं. बायकोला म्हणालो, सुटली एकदाची गाठ.

तिसऱ्या दिवशी मी रानात असताना दादा मशीन ओट्यावर ठेवून गेले. कॅन काठोकाठ भरलेला होता. यांना मिसळायचं काय कळतंय, नुसतं पेट्रोल भरलं असणार, असं म्हणत मी मापानं तेल घातलं, टाकी भरली आणि दोरी ओढली. एवढा धूर झाला की काय पेटलं म्हणून शेजारीण बघायला आली. मशीन ठेवलं होतं तिथं फरशीवर तेलाचा हातभर डाग पसरला होता.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो. तसाच दादांच्या दारात गेलो. गोठ्याचे पत्रे बसवायला चार माणसं आली होती. त्यांच्यादेखत म्हणालो, "वापरता येत न्हाय तर मागायचं कशाला? वाटुळं केलं मशीनचं!" वहिनी काही बोलणार होत्या, दादांनी हातातला पत्रा न सोडता त्यांना खुणेनंच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन कळंबला गेलो. मिस्त्रीनं प्लग काढला, तो काळा आणि ओलाचिंब होता. पेट्रोल हातावर घेऊन त्यानं वास घेतला. "तेल डबल झालंय. आधीच मिसळलेल्यात परत कुणीतरी घातलंय."

"अन् खालनं गळतंय ते?"

"चेनच्या तेलाची टाकी गच्च भरलीया. भरून ठिवलं की थोडं पाझरतंच, त्यात बिघाड न्हाय. चेनला धार मातुर झकास लावलीया. तुमी लावली का?"

धार मी लावली नव्हती. आमच्याकडं शेजाऱ्याचं भांडंसुद्धा कुणी रिकामं परत करत नाही. दादांनी तेच केलं होतं. कुणाला तरी विचारून, बरोबर मापात मिसळून, चेनच्या तेलाची टाकी आणि कॅन भरून त्यांनी मशीन परत दिलं होतं. तेल दुसऱ्यांदा घालणारा शहाणा मीच.

परतताना सरळ त्यांच्याकडं जायचं ठरवलं होतं. गेलो चार दिवसांनी. दादा आणि वहिनी लिंबाचं उरलेलं खोड जुन्या करवतीनं, दोन टोकांना धरून कापत होते. दोन दिवस म्हणाले होते, म्हणून काम अर्धं टाकून त्यांनी मशीन परत केलं होतं. मला बघून वहिनी चहा ठेवायला आत गेल्या.

"नीट झालं का मशीन?" दादांनी विचारलं.

"झालं."

"काय झालं हुतं?"

तेच सांगायला तर मी आलो होतो. पण जीभ रेटेना. "कचरा अडकला हुता," मी म्हणालो.

"माझ्याच हातनं गेला आसंल. लिंबाचा भुसा लई उडत हुता." त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "घास गोड लागला न्हाय बघ मला. चुकलं माझं."

थोरल्या भावानं माझी माफी मागितली आणि मी ती घेतली. वर चहाही प्यालो.

आता आमचं बोलणं आहे, सणावाराला जाणं-येणं आहे. खरं मात्र मला अजून सांगता आलेलं नाही, आणि याची लाज वाटते. परवा त्यांच्या बांधावरची बाभूळ वठली. मशीन घेऊन जा, असं मी आपणहून म्हणालो. दादांनी हसून कुऱ्हाड खांद्यावर घेतली.

"नगं बाबा," म्हणाले. "माझ्या हातनं परत बिघडंल."